दीर्घकालीन दाहजन्य आतड्यांचे व सांध्यांचे विकार आणि नैराश्य : साकोली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : दाह, स्वयंप्रतिकार विकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स विकार, संधिवात, नैराश्य, ग्रामीण आरोग्यसेवा.

प्रस्तावना :

शरीराचे जुने दुखणे आणि मनाची खिन्नता यांचा संबंध सर्वसामान्य माणसाला नव्याने सांगावा लागत नाही. वर्षानुवर्षे आजारी असलेल्या माणसाचे मन खचते, हे प्रत्येक घराने कधी ना कधी पाहिलेले असते. तथापि या सर्वपरिचित निरीक्षणातच एक अडचण दडलेली आहे. 'एवढे दुखते म्हटल्यावर माणूस उदास राहणारच' असे एकदा गृहीत धरले की त्या उदासीनतेची वेगळी दखल घेण्याचे कारणच उरत नाही. रुग्ण ती सांगत नाही, घरचे विचारत नाहीत, आणि बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरही सांध्यांची सूज किंवा शौचाची संख्या विचारून पुढच्या रुग्णाकडे वळतात. मूळ विकारावर उपचार सुरू राहतात आणि नैराश्य मात्र विनाउपचार राहते.

आतड्यांच्या आणि सांध्यांच्या दाहजन्य विकारांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महागात पडते. कारण या विकारांतील नैराश्य ही केवळ दुःखाची स्वाभाविक प्रतिक्रिया नसून, तिचा काही भाग त्याच दाहाचा मेंदूवर होणारा परिणाम असतो, असे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील संशोधनातून पुढे आले आहे. हा संबंध कसा घडतो, तो ओळखण्यात कोठे चूक होते आणि भंडारा जिल्ह्यातील साकोलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी त्याची विचारणा कोण करू शकेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. यातील पुष्कळसे विकार महाविद्यालयीन वयात सुरू होतात. त्यामुळे हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही.

आतडे आणि सांधे यांचे नाते :

जखम झाली किंवा जंतुसंसर्ग झाला म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जागी दाह निर्माण करते. ती जागा लाल होते, सुजते, गरम होते व दुखते. काम संपले की हा दाह शमतो. स्वयंप्रतिकार विकारांत मात्र प्रतिकारयंत्रणा शरीराच्याच पेशींवर उलटते आणि दाह शमत नाही. हा दाह मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरात राहिला तर अल्सरेटिव्ह कोलायटिस होतो. तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या कोणत्याही भागात, भिंतीच्या सर्व थरांना व्यापून राहिला तर त्यास क्रोन्स विकार म्हणतात. हातापायांच्या लहान सांध्यांच्या आवरणात तो मुक्काम करतो तेव्हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात होतो. कण्याच्या व कमरेच्या सांध्यांत राहिला तर अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस होतो. वारंवार पोट बिघडण्याचा जो सामान्य विकार 'आयबीएस' या नावाने ओळखला जातो, त्यात आतड्याला असा दाह वा व्रण नसतो. या दोहोंची गल्लत सुशिक्षितांतही आढळते.

आतडे आणि सांधे हे अवयव वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे आहेत. प्रत्यक्षात आतड्याच्या दाहजन्य विकारात आतड्याबाहेर जी लक्षणे दिसतात, त्यांत सांधेदुखी सर्वांत अधिक आढळते. उलट बाजूने पाहिले तर अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसच्या शंभरांपैकी पाच ते दहा रुग्णांना आतड्याचाही दाहजन्य विकार असतो. सल्फासलाझिन या औषधाचा इतिहासही येथे उद्बोधक ठरतो. स्वीडनमधील नाना स्वार्ट्झ या महिला डॉक्टरने १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते संधिवाताकरिता तयार करविले. पुढे त्याचा गुण अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दिसून आला आणि आजही दोन्ही विकारांत ते दिले जाते. आपल्याकडे माधवनिदानात 'आमवात' हा स्वतंत्र रोग म्हणून वर्णिला असून त्याचे मूळ पचनाच्या मंदपणात मानले आहे. ते वर्णन म्हणजेच आजचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात, असे म्हणणे ओढाताणीचे होईल. परंतु पोट आणि सांधे यांचा संबंध जोडावासा वाटणे ही काही अगदी अलीकडची गोष्ट नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

दाहाचा मेंदूवरील परिणाम :

ताप आलेले गुरू एका कोपऱ्यात पडून राहते, चाऱ्याला तोंड लावत नाही, कळपापासून दूर राहते. ताप आलेला माणूसही असाच वागतो. त्याला जेवण नको वाटते, कोणाशी बोलणे नको वाटते, आवडीच्या गोष्टीतही रस उरत नाही, झोप व थकवा यांचा मेळ बसत नाही. पशुवैद्यकाचे अभ्यासक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये अशी मांडणी केली की हे वर्तन म्हणजे केवळ अशक्तपणा नसून, शक्ती वाचवून संसर्गाशी लढण्यासाठी शरीराने योजलेली ती एक पद्धत आहे. यास 'आजारवर्तन' असे म्हणता येईल. चार दिवसांत ताप उतरतो आणि आजारवर्तनही संपते. प्रश्न असा की, ज्याच्या शरीरातला दाह चार दिवसांनी नव्हे तर चार वर्षांनीही उतरत नाही, त्याचे काय होते?

दाहाच्या काळात प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक द्रव्ये सोडतात. टीएनएफ-आल्फा, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही त्यांतील प्रमुख होत. या द्रव्यांचा संदेश रक्तावाटे आणि पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूवाटे मेंदूला पोहोचतो. तेथे उत्साह, प्रेरणा व आनंद यांच्याशी संबंधित यंत्रणा मंदावते. याखेरीज, ट्रिप्टोफॅन या ज्या घटकापासून मेंदू सेरोटोनिन तयार करतो, तो घटक दाहाच्या अवस्थेत कायन्युरेनिन नावाच्या द्रव्याकडे अधिक प्रमाणात वळविला जातो. लोकप्रिय लिखाणात 'शरीरातील नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, म्हणून पोट बिघडले की मन बिघडते' असे वाक्य सर्रास आढळते. त्यातील पहिला भाग स्थूलमानाने खरा आहे. परंतु आतड्यातील सेरोटोनिन रक्तातून मेंदूत प्रवेश करू शकत नाही. तेव्हा पोट आणि मन यांचा संबंध खरा असला तरी तो इतक्या सरळ मार्गाने जात नाही.

हा संबंध निव्वळ तर्कावर उभा नाही. हिपॅटायटिस-सी या यकृताच्या संसर्गावर पूर्वी इंटरफेरॉन-आल्फा हे सायटोकाइनच औषध म्हणून दिले जात असे. ते घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश रुग्णांना उपचारादरम्यान नैराश्य आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात वीस निरोगी पुरुष स्वयंसेवकांना जिवाणूजन्य विषद्रव्याची अत्यल्प मात्रा टोचण्यात आली, तेव्हा काही तासांतच त्यांची चिंता व खिन्नता वाढली आणि स्मरणशक्ती मंदावली. या माणसांना कोणतेही कौटुंबिक वा आर्थिक दुःख त्या तासात नव्याने प्राप्त झालेले नव्हते.

म्हणून सर्व नैराश्य दाहापासूनच उद्भवते, असा उलट टोकाचा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील रेझन, मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या साठ नैराश्यग्रस्तांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहविरोधी जैविक औषधाचा प्रयोग केला. एकूण गटाचा विचार करता हे औषध निष्प्रभ औषधापेक्षा सरस ठरले नाही. परंतु ज्यांच्या रक्तात सीआरपी हा दाहदर्शक घटक मुळातच वाढलेला होता, त्यांच्यात सुधारणेची चिन्हे अधिक दिसली. याचा अर्थ, काहींच्या नैराश्यात दाहाचा वाटा मोठा असतो व काहींच्या लहान. संधिवात किंवा कोलायटिसच्या रुग्णात तो असण्याची शक्यता उघडच अधिक असते. त्यात वेदना, खंडित झोप, औषधांचा खर्च, लग्न मोडण्याची भीती आणि काम सुटण्याची चिंता यांची भर पडते. दाह आणि परिस्थिती यांपैकी नेमके किती कशामुळे, याचा हिशेब एका रुग्णापुरता मांडणे बहुधा शक्य नसते. उपचारासाठी तो मांडावाच लागतो असेही नाही.

यात स्टेरॉइड औषधांचे स्थान वेगळे आहे. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना प्रथम कॉर्टिसोन दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल मिळाले. परंतु ही औषधे काहींच्या मनाला अवास्तव उभारी देतात, काहींची झोप उडवितात, तर काहींना खिन्न करतात. ग्रामीण भागात नाव नसलेल्या पुडीतल्या 'वाताच्या गोळ्या' घेऊन दोन दिवसांत उड्या मारू लागलेला रुग्ण पुष्कळांनी पाहिला असेल. अशा पुडीत अनेकदा स्टेरॉइड असते. ती दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्यास मनच नव्हे तर जीवही धोक्यात येऊ शकतो.

प्रमाण किती?

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे झाल्यास सांध्यांच्या विकारांबाबत एक महत्त्वाची ग्रामीण पाहणी उपलब्ध आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमांतर्गत घरोघरी जाऊन पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के निघाले. दोनशे प्रौढांत एक, हे प्रमाण लहान वाटते. पण हजारभर प्रौढांच्या गावात असे पाच रुग्ण असतात, असा त्याचा अर्थ होतो.

या रुग्णांत नैराश्य किती? २०१३ मध्ये ७२ अभ्यासांतील १३,१८९ संधिवाताच्या रुग्णांची माहिती एकत्रित करण्यात आली. मुलाखतीवर आधारित काटेकोर निकष लावले असता १६.८ टक्के रुग्णांत गंभीर नैराश्य आढळले, तर पीएचक्यू-९ या प्रश्नावलीनुसार हेच प्रमाण ३८.८ टक्के आले. आतड्यांच्या दाहजन्य विकारांत २०२१ च्या अशाच एकत्रित अभ्यासानुसार सुमारे चौथा हिस्सा (२५.२ टक्के) रुग्णांत नैराश्याची लक्षणे होती, आणि विकार भडकलेल्या अवस्थेत ती ३८.९ टक्क्यांत होती.

यांतील एक तफावत लक्ष वेधून घेते. संधिवातात एका मापाने १६.८ आणि दुसऱ्या मापाने ३८.८ टक्के, हे कसे? त्याचे उत्तर प्रश्नावलीत आहे.

लक्षणांची सरमिसळ :

पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न असतात. प्रत्येकास शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी आवश्यक मानली जाते. या नऊंपैकी झोप, थकवा व भूक यांविषयीचे प्रश्न सरळ शरीराशी निगडित आहेत. एकाग्रता आणि हालचालींचा मंदपणा यांवरही दुखण्याचा परिणाम होतोच. ज्याला रात्री चार वेळा शौचास उठावे लागते त्याची झोप मोडणारच, आणि ज्याचे सांधे सकाळी तासभर आखडलेले असतात त्याच्या हालचाली मंद असणारच. म्हणजे नैराश्य नसतानाही गुण वाढू शकतात. हीच अडचण ओळखून झिगमंड व स्नेथ यांनी १९८३ मध्ये रुग्णालयातील रुग्णांसाठी जी मापनपट्टी तयार केली, तीत शारीरिक लक्षणे हेतुतः वगळली.

चूक उलट दिशेनेही होते, आणि ती अधिक नुकसानकारक आहे. संधिवाताची तीव्रता मोजण्याच्या 'डास-२८' या पद्धतीत चार गोष्टी धरल्या जातात : दुखरे सांधे किती, सुजलेले सांधे किती, रक्तातील दाहदर्शक घटक किती आणि रुग्णाला स्वतःला एकंदर कसे वाटते. यांतील पहिली व शेवटची गोष्ट रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून आहे. नैराश्यात वेदना अधिक जाणवते. त्यामुळे सूज नाही, रक्तातील दाह नाही, तरीही आकडा वाढलेला, असे घडते. मग औषधाची मात्रा वाढविली जाते, खर्च वाढतो, दुष्परिणाम वाढतात आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. नैराश्यग्रस्त रुग्ण औषधे नियमित घेत नाही, हीदेखील अनेकदा आढळणारी गोष्ट आहे. मेथोट्रेक्झेटसारखी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची गोळी चुकणे, किंवा चुकून रोज घेतली जाणे, या दोन्ही गोष्टी घातक ठरतात.

तेव्हा नेमके विचारावयाचे काय? शरीराच्या लक्षणांपेक्षा दोन गोष्टी अधिक सांगून जातात : पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात आता वाटतो का, आणि स्वतःविषयी 'आपण निरुपयोगी आहोत, घरावर ओझे आहोत' असे वाटते का. दुखण्यामुळे माणूस लग्नसमारंभाला जाऊ शकत नाही, हे समजण्यासारखे आहे. दुखणे कमी असलेल्या दिवशीही त्याला जावेसे वाटत नसेल, तर तेथे विचारपूस आवश्यक ठरते. मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारावे लागते. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत निराधार आहे.

प्रश्नाची भाषाही महत्त्वाची आहे. 'तुम्हाला नैराश्य आहे का?' या प्रश्नाला ग्रामीण रुग्ण बहुधा 'नाही' असेच उत्तर देतो. तोच रुग्ण 'मन लागत नाही', 'टेन्शन राहते', 'अंगात ताकद नाही', 'डोके काम करत नाही', 'कसेतरी होते' असे सहज सांगतो. साकोली हा झाडीबोलीचा मुलूख. या बोलीचे शब्द व म्हणी जमविण्याचे काम येथे निष्ठेने झाले आहे. मनाच्या व्यथेसाठी घरात, शेतात आणि बायकांच्या बोलण्यात जे शब्द वापरले जातात, त्यांचा संग्रह आरोग्यसेवकांच्या हाती देणे हे भाषा, समाजशास्त्र व गृहअर्थशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे काम आहे. बहुविद्याशाखीय संशोधन म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे एक उत्तर येथे सापडू शकेल.

साकोली परिसरातील रुग्णाची वाट :

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. आषाढ-श्रावणात रोवणी सुरू झाली की चिखलाच्या बांधीत कमरेतून वाकून, पऱ्ह्यांची पेंढी एका हातात धरून दुसऱ्या हाताने रोपे लावण्याचे काम दिवसभर चालते. हे काम मुख्यतः स्त्रिया करतात, आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. ज्या बाईची बोटे सकाळी मिटत नाहीत, तिला पेंढी धरता येत नाही. रोवणीच्या गटातून तिचे नाव वगळले जाते, मजुरी जाते, आणि मजुरीसोबत बांधीतली सोबत व गाणीही जातात. कोलायटिसच्या रुग्णाची अडचण आणखी वेगळी. शौचाची घाई दोन-तीन मिनिटांचीही सवड देत नाही, आणि मोकळ्या बांधीत स्त्रीला आडोसा नसतो. हे कोणाला सांगण्याजोगे नसल्याने ती 'बरे नाही' एवढेच सांगून घरी राहते. घरी राहणारी बाई आळशी ठरते.

निदानाची वाटही सरळ नसते. रक्तमिश्रित आव पडत असेल तर आधी आमांशाची औषधे घेतली जातात. क्रोन्स विकार आणि आतड्यांचा क्षयरोग यांत फरक करणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या आपल्या देशात अनेकदा प्रथम क्षयाचे उपचार देऊन पाहावे लागतात. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळत असल्याने तरुणाच्या सांधेदुखीत त्याची चाचणी टाळता येत नाही. चिकुनगुन्यानंतर काही महिने रेंगाळणारी सांधेदुखीही २००६ च्या साथीपासून सर्वांच्या परिचयाची आहे. या प्रत्येक वळणावर महिने जातात. निदान नसलेल्या आजाराला घरातही मान्यता मिळत नाही, आणि तपासण्यांत 'काही निघाले नाही' म्हणजे दुखणे खोटे, असा अर्थ लावला जातो.

साकोलीस उपजिल्हा रुग्णालय आहे. भंडारा सुमारे चाळीस किलोमीटरवर, तर नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. पोटाच्या किंवा संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जावयाचे तर बहुधा नागपूर गाठावे लागते. एसटीच्या त्या प्रवासात कोलायटिसचा रुग्ण सकाळपासून काही खात नाही, पाणीदेखील पीत नाही, कारण मध्ये बस थांबवा असे सांगण्याची लाज वाटते. तपासणीची तारीख चुकण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. मानसोपचारासाठी नागपूरला जाणे तर त्याहून अवघड. तेथील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. त्या परिसरातील चौकाला लोक आजही 'पागलखाना चौक' म्हणतात. ज्या सेवेचा पत्ता असा सांगावा लागतो, तिच्याकडे संधिवाताच्या रुग्णाने आपणहून जावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. परंतु शेजारचे मध्य प्रदेश व छत्तीसगड त्यात होते. त्या सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते.

उपचाराच्या शक्यता :

उपचाराचा पाया म्हणजे मूळ दाह आटोक्यात आणणे. दाह शमला की पुष्कळांचे मनही हलके होते. सर्वांचे होत नाही. येथे औषधांची सांगड जपून घालावी लागते. सांधेदुखीवरील नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या आतड्याचा दाह भडकवू शकतात. त्याच गोळ्यांसोबत नैराश्यावरील एसएसआरआय गटाची औषधे दिल्यास पचनमार्गात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. सर्ट्रालिनने काहींना जुलाब होतात, तर अमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठ होतो. म्हणजे आतड्याच्या रुग्णास कोणते औषध द्यावे, हे त्याच्या तक्रारीवरून ठरते. जैविक औषधांतही इन्फ्लिक्सिमॅब व अडालिमुमॅब सांधे आणि आतडे या दोहोंवर चालतात, परंतु एटानरसेप्ट सांध्यांवर चालूनही क्रोन्स विकारात उपयोगी पडत नाही. एका रुग्णाची औषधे तीन डॉक्टरांकडून तीन चिठ्ठ्यांवर येत असतील, तर त्या तिन्ही चिठ्ठ्या प्रत्येकाला दाखविणे रुग्णाच्या हिताचे आहे.

औषधांखेरीजचे उपचार मानसोपचारतज्ज्ञाविना अशक्य आहेत, अशी एक समजूत आहे. ती खोटी ठरविणारे दोन प्रयोग मराठी मुलखात व त्याच्या लगत झाले आहेत. पहिला गोव्याचा. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत, रोजच्या जीवनातील अर्थपूर्ण कामे हळूहळू पुन्हा सुरू करण्यास मदत केली. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. संधिवाताच्या रुग्णाला ही पद्धत विशेष जुळणारी आहे, कारण हालचाल हा त्याच्या सांध्यांवरीलही उपचारच असतो. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसमध्ये तर विश्रांतीने कंबर अधिक आखडते आणि हालचालीने मोकळी होते.

दुसरा प्रयोग विदर्भातलाच. 'विश्राम' या नावाने अमरावती व वर्धा जिल्ह्यांतील तीस गावांत राबविलेल्या कार्यक्रमात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मानसिक आरोग्याविषयी बोलणे सुरू केले, प्राथमिक आधार दिला आणि गरजेप्रमाणे समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ यांच्यापर्यंत रुग्ण पोहोचविले. सुरुवातीस नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक कोणत्याही उपचारापर्यंत पोहोचत होते. अठरा महिन्यांनंतर ते प्रमाण २७.२ टक्के झाले. तो कापसाचा पट्टा आणि हा धानाचा. शेतकरी आत्महत्यांमुळे तिकडे लक्ष वेधले गेले, तसे पूर्व विदर्भाकडे वेधले गेलेले नाही. तरीही गावातली बाई गावातल्या बाईला विचारते तेव्हा उत्तर मिळते, हा त्यातला धडा पिकावर अवलंबून नाही.

वय आणि महाविद्यालय :

ही विचारणा करण्याची एक सोय आज अस्तित्वात आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जो 'सीबॅक' फॉर्म भरते, त्यात रक्तदाब, मधुमेह व कर्करोग यांबरोबर मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वा आनंद वाटला नाही असे किती वेळा झाले, आणि उदास किंवा हताश किती वेळा वाटले. एकूण सहापैकी तीनपेक्षा अधिक गुण आल्यास त्या व्यक्तीस समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवावयाचे असते. हे दोन्ही प्रश्न शरीराच्या लक्षणांविषयी नसल्याने दाहजन्य विकाराच्या रुग्णांनाही ते चांगले लागू पडतात. अडचण एवढीच की हा फॉर्म तीस वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी आहे. आतड्यांचे दाहजन्य विकार बहुतांशी पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतात आणि अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसची सुरुवातही प्रायः तरुणपणीच होते. ज्या वयात हे विकार जडतात, त्या वयातील मुलामुलींपर्यंत ते दोन प्रश्न पोहोचत नाहीत. ती मुले त्या वेळी कनिष्ठ किंवा वरिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली असतात.

वर्गात हा आजार कसा दिसतो? एखादा विद्यार्थी नेहमी दाराजवळच्या बाकावर बसतो. तासात दोनदा बाहेर जातो, आणि परत येताना कोणाकडे पाहत नाही. सहलीला, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला येत नाही. एखादी विद्यार्थिनी पहिल्या तासाला कायम उशिरा येते, कारण सकाळी तिचे सांधे मोकळे होण्यास तास लागतो. परीक्षेत तिचा पेपर अर्धवट राहतो. या गोष्टींची नोंद बेशिस्त म्हणून होणे सोपे असते. शिक्षकाने निदान करावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही. पण 'तब्येत कशी आहे?' या प्रश्नानंतर 'आणि मन लागते का?' हा दुसरा प्रश्न एकांतात विचारण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. उत्तर चिंताजनक असेल तर १४४१६ हा टेली-मानस सेवेचा निःशुल्क क्रमांक देता येतो. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या या सेवेत मराठीतून बोलता येते, आणि पागलखाना चौकापर्यंत जावे लागत नाही.

नियमांच्या बाजूने पाहता परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मानसिक आजार व सिकलसेल यांचा उल्लेख आहे. संधिवात व कोलायटिस यांचा नावाने नाही. तथापि विकाशकुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी असा निर्णय दिला की लेखनिकाची सोय चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्यानुसार ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने, चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असूनही लिहिण्यास अडचण येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्या विद्यार्थिनीची बोटे तीन तास लेखणी धरू शकत नाहीत, तिच्या बाबतीत परीक्षा विभागाने हा आधार तपासून पाहण्याजोगा आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी ज्या सूचना दिल्या, त्यांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असणे अपेक्षित आहे.

उरतो तो उपस्थितीचा प्रश्न. आजार भडकला म्हणून विद्यार्थी पंधरा दिवस घरी राहतो आणि त्या पंधरा दिवसांचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणतो. प्रमाणपत्रावर कोलायटिस असे लिहिलेले असते आणि ते मान्य होते. पुढचे तीन आठवडे पोट शांत असते, पण सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही. त्या तीन आठवड्यांचे प्रमाणपत्र तो आणत नाही. ते कोणाकडे मागावे हे त्याला ठाऊक नसते, आणि मागितलेच तर त्यावर जे लिहिले जाईल ते कार्यालयाच्या खिडकीत वाचले जाईल, याची त्याला धास्ती असते. सत्राअखेरीस लागणाऱ्या अपात्र विद्यार्थ्यांच्या यादीत त्याच्या गैरहजेरीचे सगळे दिवस एकाच रकान्यात आलेले असतात.